पाण्यातली भाकरी

दशमीकाका नियम मोडत नसत. नियमाला फट कुठे आहे ते शोधत आणि त्या फटीतून पोटभर जेवून येत.

हिंगोलीच्या कचेरीत आम्ही शेजारी बसत असू. ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. त्यांच्या आळीतल्या देवळात वर्षातून एक महिना नैवेद्याचा स्वयंपाक त्यांच्या घराकडे असे; तिसरी पिढी चालू होती. ज्याच्याकडे ही पाळी, त्याने वर्षभर परक्या घरी पाण्यात शिजलेलं अन्न खायचं नाही, असा कडक नेम. आणि काकांचा जीव तर खेड्यातल्या जेवणावर. आमच्या घरात एवढं सोवळं नव्हतं, त्यामुळे मी त्यांच्या सोबतीला बरा पडत असे.

निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारची. गुरुवारी कचेरी सुटली की भाड्याची बैलगाडी ठरलेली असायची. सहा वर्षांत आम्ही माझ्या मोजणीने बावीस गावं जेवलो. कुठल्या गावाला काय चांगलं होतं हे काकांना पाठ होतं: गोरेगावची वांगी, कुरुंद्याच्या ओल्या हळदीचं लोणचं, पुसेगावची ज्वारी.

पहिल्या हिवाळ्यात फक्त हुरडा होता. "अग्नीनं भाजलं त्याला विटाळ नाही," काका म्हणाले. पुढे त्याच न्यायाने निखाऱ्यावरचं वांग्याचं भरीत आलं. मग दशमी आली. पीठ पाण्याऐवजी दुधात मळलं की ती भाकरी प्रवासात, परक्या घरीही चालते, हा जुनाच रिवाज. काकांनी तो इतका वापरला की नाव पडलं. तिसऱ्या वर्षी ताकातल्या कण्या आल्या. ताकात निम्म्याहून जास्त पाणी असतं, हे मी त्यांच्या नजरेस आणून दिलं. ते म्हणाले, "दह्यात शिरलं की ते पाणी राहत नाही. तुमी कचेरीतले आकडे सांभाळा."

एका पदार्थाला मात्र फट सापडेना. येसराची आमटी; त्यांच्या आळीत ती कोणी करत नसे. धान्य आणि मसाला भाजून दळायचा, हे ठीक. पण ते येसर शेवटी पाण्यातच उकळायचं. काका चुलीपासून चार हात अंतरावर बसून वास घेत आणि मला विचारत, "कशी आहे? मीठ बराबर आहे का?" मी सांगायचो. ते डोळे मिटून ऐकत आणि दशमीचा घास चावत राहत.

पुसेगावात आम्ही सरूबाईच्या घरी उतरत असू. नवरा शेतकरी, घरात म्हातारी सासू आणि एक दुभती म्हैस. एका चैत्रात गेलो तर गोठा रिकामा. म्हैस दोन दिवसांपूर्वी मेली होती. सरूबाई सकाळपासून दुधासाठी हिंडली होती. त्या उन्हाळ्यात चार घरं पालथी घालूनही पेलाभर मिळालं नाही. काकांनी शेंगदाणे आणि गूळ मागितला, तेवढ्यावर भागेल म्हणाले. तिने आणून ठेवला. पण उन्हं कलली तरी घरात कोणी जेवेना. मी म्हातारीला कारण विचारलं.

"पाहुना जेवल्याबिगर आमी कसं जेवावं?" ती म्हणाली. "दानं खानं म्हंजी काय जेवन व्हय?"

काका उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. टोपल्यात भाकऱ्या होत्या, चुलीवर आमटी.

"सरू, पीठ कशात मळलंस?"

दूध म्हणाली असती तर कोणाला कळलं असतं? ती खाली बघत म्हणाली, "पान्यात, काका. तुमच्याशी लबाड कशी बोलू?"

काका आत आले. मग पाटावर बसले. "वाढ," म्हणाले. "आमटी पण."

त्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. मीठ बराबर आहे का, हे त्या दिवशी मला विचारलं नाही.

गाडीवानाने कौतुकाने सांगितलेली गोष्ट आठ दिवसांत आळीत पोचली. देवळाच्या मंडपात वडीलधाऱ्यांनी काकांना बोलावलं, सोबत होतो म्हणून मलाही. माणसं वाईट नव्हती. त्यांनीच वाट काढून दिली: पीठ दुधातलंच असेल, नाही का? मग साक्षीसाठी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी 'हो' म्हणणार होतो. ते आज लपवण्यात अर्थ नाही. शब्द ओठावर आला होता.

काकांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "पाणी होतं," ते म्हणाले. "त्या बाईनं मला तोंडावर सांगितलं. तिनं खरं बोलावं आन् मी देवापुढं खोटं?"

जन्मभर फटी शोधणाऱ्या माणसाने समोर उघडलेलं दार लावून घेतलं. पाळी चुलतभावाकडे गेली. वीस वर्षं तो महिना काकांच्या बायकोने, आमच्या काकूंनी रांधला होता. त्या आठ दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी विचारलं, "आमटी कशी होती?" त्यानंतर दर वर्षी सरूबाईकडून येसराचं गाडगं येऊ लागलं आणि काकू आमटी करू लागल्या.

संस्थान गेलं, कचेरीची सुट्टी रविवारवर आली. काकांना रविवार फार मिळाले नाहीत. त्याच हिवाळ्यात ते गेले.

तेराव्याला काकूंनी त्यांच्या आवडीचं म्हणून येसराची आमटी केली. पंगतीला मंडपातले तेच वडीलधारे, एकंदर नऊ जण. वाढायला मी होतो. सात जणांनी आमटी दुसऱ्यांदा घेतली, एकाने तिसऱ्यांदा. येसर कुठून आलं असं कोणी विचारलं असतं तर मी या वेळी खरं तेच सांगितलं असतं.

कोणी विचारलं नाही. मी वाढत राहिलो.