आईनं घर सोडवलं तो दिवस

शेवंतीचा वास आला की मी अमरावतीच्या कोर्टात पोचते. इंग्रजी अमदानी होती. आमचं राहतं घर गहाण पडलं होतं. मुदतीत पैसे फिटले नाहीत तर ते सावकाराचं होणार होतं. फुलं विकून आईनं रक्कम जमवली, तर सावकार भेटेचना. मुदत टळावी हाच त्याचा डाव. मग आई शेवंतीच्या टोपलीसकट कोर्टात शिरली.

"थो पैसे घेत नाई, तं तुमी जमा करून घ्या, सायेब!"

तिच्या चढ्या आवाजानं मी तेव्हा लाजले होते. आज तोच आवाज आठवला की ऊर भरून येतो.

पैसे जमा झाले, घर सुटलं. बाहेर सावकाराचा दिवाणजी धापा टाकत आला. "बाई, मालक बोलावून राह्यले."

आई हसली. "आता कायले?"