बाटलीतलं मूळ

पुलगावच्या बाजारात बसणाऱ्या त्या भोंदू वैद्याला मी माफ केलेलं नाही. मरेपर्यंत करणार नाही.

आईच्या छातीत गाठ होती. त्यानं लेप लावला, चिरा दिला आणि बाटलीत पांढऱ्या दोऱ्यासारखं काहीतरी दाखवलं. म्हणे, "मुळासकट काढली, बाई!" आई इतकी खूश, की ती बाटली तिनं देवघरात ठेवली. नाचणगावात आमच्या गल्लीतल्या बायांना तीच त्याचा पत्ता देऊ लागली.

वर्षभरात दुखणं हाडांत गेलं. वर्ध्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं, "गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. थोड्या बियाण्यासारख्या असतात, मूळपेशी. बाकीच्या मेल्या तरी या दडून राहतात, रक्तातून दुसरीकडे जातात आणि तिथं नवी गाठ धरतात. उशीर झाला की त्यांचं फावतं."

मी बाटली त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी तपासून घेतली. बकऱ्याची नस निघाली! माझ्या अंगाची लाही लाही झाली. मेल्याचं दुकान उठवल्याशिवाय मला आता घास गोड लागणार नव्हता.

रिपोर्ट घेऊन तडक बाजारात गेले. बाकड्यावर तिघीजणी बसलेल्या. त्यांत आमची शेजारीण, मानेला गाठ आलेली, आईनंच पाठवलेली. मी रिपोर्ट वाचून दाखवला. वैद्य साळसूदपणे हसला. "तुमची माय तर मले भाऊ मानते." शेजारीण म्हणाली, "कागदातलं आमाले काय समजते वं? तुही माय सांगन ते खरं." एकही उठली नाही.

घरी येऊन मी आईला सगळं सांगून टाकलं. मूळ निघालं या समाधानात ती शांत पडली होती. तेवढंही मी हिसकावलं, आणि ते मला कळत होतं. ती भिंतीला धरून उठून बसली. मग म्हणाली, "पुढच्या बाजाराले मले घेऊन चालजो."

त्या दिवशी मी आधी पोलिसांना फोन केला, मग आईला ऑटोत घातलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंसमोरसुद्धा लाजणारी माझी आई. तिनं भर बाजारात पदर बाजूला केला. चिघळलेली जखम उघडी पडली.

"पाहा वं बायांनो! यानं मूळ काढलं म्हणे. बकऱ्याची नस देल्ली अन् मले पूजा कराले लावली!"

शेजारीण पहिली उठली. पाठोपाठ बाकडं रिकामं झालं. वैद्य घाईघाईनं बाटल्या पिशवीत कोंबू लागला.

"हात नोको लावू त्या बाटल्याईले," आई म्हणाली. "पोलिस येऊन राह्यले."