ओवाळणीचा खुलासा

महावीर पाटील खुर्चीत पूर्ण टेकून बसलेला मी आजवर पाहिलेला नाही. शाहूपुरीत माझ्या घराच्या खालीच त्याचं पंप आणि मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान आहे. समोर गिऱ्हाईक असलं तरी हा अर्धा उठलेलाच असतो. शाळेतही असाच होता. मी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातली तीन वर्षं याला शिकवलं, आणि तिन्ही वर्षं तो दाराशेजारच्या बाकावर चुळबुळत बसला. इंग्रजी काही आलं नाही. त्यामुळे आज त्रेचाळिसाव्या वर्षीही कुठला इंग्रजी कागद आला की तो जिना चढून वर येतो. तोच काय, सगळी गल्ली येते. मला याचा राग येतो, आणि महिनाभर कुणी आलं नाही तर त्याचाही येतो.

गेल्याच्या गेल्या वर्षी डिसेंबरात तो आला तो चपला न काढताच. हातातला मोबाइल माझ्या चष्म्यासमोर धरून म्हणाला, "बाई, आदितीचा भत्ता अडकला. माझ्यामुळं."

आदिती त्याची धाकटी बहीण, त्याच्याहून बारा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा ती अकरावीत होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं, इथल्या खासगी कॉलेजची फी ऐकून महावीरला घाम फुटला, आणि मग कुणीतरी युक्रेनमधल्या खार्कीव्हचं नाव सांगितलं. आपल्या भागातली बरीच मुलं तिकडे जातच होती. सहा वर्षांची फी महावीरने भरली, दुकानावर कर्ज काढून भरली, हे मान्यच करायला हवं. तिथे तिने बरोबरच्याच ओलेह नावाच्या मुलाशी लग्न केलं. घरात कांदासुद्धा चार महिने वर्ज्य असणाऱ्या महावीरने वर्षभर तिच्याशी अबोला धरला. पुढे मोना झाली. दोन्ही घरांत हाक मारता यावी म्हणून हे नाव. फोनवर त्या पोरीने जांभई दिलेली पाहिली आणि याचा अबोला संपला.

मग युद्ध आलं. आदिती पावणेदोन वर्षांच्या मोनाला घेऊन सरहद्दीपर्यंत रेल्वेत उभ्याने गेली. ओलेहला देश सोडता येत नव्हता, तो तिथेच इस्पितळात डॉक्टर म्हणून राहिला. जर्मनीने या मायलेकींना तात्पुरतं संरक्षण दिलं. म्हणजे राहायची परवानगी, भाषेचा क्लास, औषधपाण्याचा विमा, घरभाडं आणि दरमहा खर्चाला पैसे. परवानगी दर वेळी थोड्या मुदतीची. तिथे डॉक्टरकी करायची तर आधी भाषेची परीक्षा आणि मग वैद्यकाची परीक्षा द्यायची, आणि तोवर गुजराण या भत्त्यावर.

हे सगळं मीच महावीरला समजावून सांगितलं होतं, आणि तीच माझी चूक झाली. "आमच्या घरची पोरगी दुसऱ्याच्या सरकारचं खाती?" असं म्हणून तो खोलीत येरझाऱ्या घालायला लागला होता. मी म्हटलं, "शेतकरी सरकारी अनुदानातला पंप न्यायला येतो, तेव्हा तू त्या पंपाला हार घालून फोटो काढतोस. तेव्हा नाही तुझ्या नाकाला मिरच्या झोंबत." तो ऐकून न ऐकल्यासारखं करून खाली गेला.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला त्याने आदितीला न सांगता तिच्या खात्यावर एक लाख एक रुपये धाडले. ओवाळणी म्हणून. बँकेत फॉर्म भरताना कारकुनाने विचारलं, पैसे कशासाठी, भेट की कुटुंबाचा निर्वाह? याचं उत्तर मला नंतर रोहिणीने, त्याच्या बायकोने सांगितलं. हा म्हणाला, "भेट लोकांस्नी देत्यात. ती घरची हाय की." आणि निर्वाहासमोर खूण केली.

भत्ता देणारं तिथलं ऑफिस ठरावीक महिन्यांनी बँकेचे उतारे मागतं. उताऱ्यात ते शब्द होतेच. आता पत्र आलं होतं, आदितीने त्याचं इंग्रजी करून पाठवलं होतं. प्रश्न दोन. तुमचा भाऊ तुमचा निर्वाह करतो का, कधीपासून, आणि पुढे करणार आहे का? आणि दुसरा, मूळ देशात तुमच्या नावावर जमीन, घर किंवा त्यातला हिस्सा आहे का? चौदा दिवसांत पुराव्यासह खुलासा करा, तोवर पुढच्या महिन्याची रक्कम थांबवली आहे. चौदातले सहा दिवस आदितीने भावाला कसं सांगावं या विचारातच घालवले होते.

"लिवा," महावीर म्हणाला. "म्हणावं, भाऊ खंबीर हाय."

"खंबीर लिहिलं तर भत्ता बंद."

"मग मी देतो की."

"दर महिन्याला? भाडं, विमा, क्लास, पोरीचं दूध, थंडीचा हीटर?" मी कागदावर बेरीज करून दाखवली. सव्वा लाखाच्या वर गेली. पैसे नसतील तर ती क्लास सोडून कुठेतरी फरशी पुसायला जाईल आणि परीक्षा राहील ती राहीलच, हेही सांगितलं. महावीर बेरजेकडे बघत राहिला. मग खाली गेला, कुठलंतरी बेअरिंग विकून परत आला.

"मग काय लिवायचं?"

"मी बहिणीचा निर्वाह करत नाही, ती माझी जबाबदारी नाही, हे पैसे एकदाच दिले आणि यापुढे देणार नाही."

"हे मी सही करू?"

"तूच."

तो खिडकीपाशी गेला, दारापाशी आला, पुन्हा खिडकीपाशी गेला. मला अशा माणसांचा वैताग येतो. दुसरा प्रश्न मीच वाचला. तिच्या नावावर इथे काही आहे का?

"न्हाय. न्हाय म्हणून लिवा." इतक्या पटकन उत्तर आलं की मी चष्मा काढला.

"पुरावा लागेल."

"हाय पुरावा," तो म्हणाला. आणि जिन्यावर जरा वेळ उभा राहून मगच खाली गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने प्लॅस्टिकच्या फाइलमधून हक्कसोडपत्र आणलं. गडमुडशिंगीला वडिलांची चार एकर उसाची जमीन. आदिती दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत आली होती, एकवीस वर्षांची. परत जायच्या आदल्या दिवशी बॅगेसाठी कुलूप आणायला म्हणून दोघं बाहेर पडले आणि वाटेत दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात गेले. तिने सही केली, अंगठा दिला, फोटो दिला. मग त्याने तिला आइस्क्रीम खाऊ घातलं, इरकल साडी घेतली आणि कुलूपही घेतलं. जमीन भावाची झाली.

यात जगावेगळं काही नाही. आपल्याकडे बहिणी सह्या करतात. मीही केली आहे. तिन्ही भावांच्या नावे, एका दुपारी. मला त्यांनी पाच लिटरचा कुकर दिला होता. तो मी वापरते आणि प्रत्येक शिट्टीला मला राग येतो. म्हणून त्या कागदाचं इंग्रजी करताना मी मुद्दाम प्रत्येक वाक्य आधी मराठीत मोठ्याने वाचलं. महावीर उभाच होता.

"'मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता, कोणताही मोबदला न घेता, सदर मिळकतीतील माझा हक्क व हितसंबंध माझ्या बंधूंच्या लाभात कायमचा सोडून देत आहे.'"

"राजीखुशीनं," तो म्हणाला. "ते इंग्रजीत कसं लिवणार?"

"जसं आहे तसं. हे तुझ्या वकिलानं लिहिलंय. मी भाषांतर करते, साक्ष देत नाही."

"फी भरत हुतो मी बाई. तिची फी चालू हुती."

"मग तसं बोलायचं होतंस तिच्याशी."

गडमुडशिंगीच्या जमिनीला तेव्हा भावच नव्हता, असं काहीतरी तो पुटपुटला. आता तिथल्या विमानतळामुळे जमिनीचे दलाल त्याच्या दुकानात चहा प्यायला येतात, हे मला वरून दिसतं. भाऊबीजेला पाचशे एकची सवय असलेल्या माणसाने एकदम लाख का धाडले, याचाही उलगडा मला तेव्हा झाला.

खुलाशाचं प्रतिज्ञापत्र करायला नोटरीकडे मी त्याच्याबरोबर गेले, कारण एकटा सोडला असता तर हा अर्ध्या वाटेवरून परत आला असता. कोर्टाजवळच्या त्या खोलीत बाकावर रांग होती. शेजारच्या म्हाताऱ्याने आमच्या फाइलमधल्या कागदाचं शीर्षक वाचून विचारलं, "पावणं, हक्कसोड व्हय? भन कुठाय?"

"भन न्हाय यायची. सही माझी हाय."

"तुम्ही सोडताय?" म्हातारा जरा सरकून बसला. "काय सोडताय?"

महावीर उठून बाहेर गेला. त्याला हाक मारून आणावं लागलं. नोटरीने विचारलं, मजकूर वाचलात का, समजला का? तो म्हणाला, समजला. नोटरीने तरी खात्रीसाठी मराठीत सांगितलं, सगळ्यांच्या देखत: तुम्ही लिहून देताय की बहिणीची कोणतीही जबाबदारी तुमच्यावर नाही आणि तिचा इथे कोणताही हिस्सा नाही. बाकावरची सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. त्याने सही केली. इंग्रजीत केली, आणि त्यातही पाटीलमधला एक टी जास्त घातला. मी दुरुस्त करायला लावलं नाही.

कागद वेळेत पोचले. फेब्रुवारीत उत्तर आलं. ओवाळणीची रक्कम सहा महिन्यांच्या भत्त्यातून थोडी थोडी कापून घेतली जाईल, बाकी सगळं पूर्ववत चालू. म्हणजे याच्या लाखाचा आदितीला छदामही फायदा झाला नाही, आणि ज्या कागदाची याला लाज वाटत होती त्याच कागदाने तिचं घर राखलं. मी त्याला हे असंच तोंडावर सांगितलं. आता मला वाटतं, नसतं सांगितलं तरी चाललं असतं. त्याला ते आधीच कळलं होतं.

महिनाभराने तो पुन्हा वर आला. या खेपेला चपला काढल्या. "बाई, दोन एकर तिच्या नावावर करायचं ठरवलंय. रोहिणीशी बोललोय. ती न्हाय म्हणत न्हाई."

"आणि आदितीने उद्या ऑफिसात काय सांगायचं? नावावर विमानतळाजवळची दोन एकर आहे, तरी भत्ता द्या?"

त्याला हे सुचलंच नव्हतं. "म्हंजे दिलं तरी तिचंच नुकसान?"

"आत्ता दिलंस तर. नऊ वर्षं थांबलास, आता आणखी थांब. ती डॉक्टर झाली, स्वतः कमवायला लागली की दे."

तेव्हापासून या माणसाने माझा जीव खाल्ला. जर्मन भाषेच्या परीक्षेच्या पायऱ्या किती, त्यांची नावं काय, निकाल कधी, नापास झालं तर पुन्हा कधी बसता येतं, हे सगळं त्याला तोंडपाठ झालं. ज्याला दहावीला इंग्रजीत पस्तीस पडले तो! पहाटे साडेचारला उठून, तिकडे रात्रीचा एक वाजलेला असताना, अभ्यास झाला का म्हणून बहिणीला मेसेज करायचा. तिने शेवटी मला फोन करून सांगितलं, बाई, अण्णाला आवरा. दलाल आले की हा त्यांना पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावायचा. उसाला पाणी पाजायला गेला तर दोनच एकरात फिरून परत यायचा, असं रोहिणी म्हणते. कुठली दोन, ते त्याने मनात ठरवून ठेवलेलं असणार.

यंदाच्या भाऊबीजेला त्याने मला फराळाला बोलावलं होतं. पाट मांडला होता, समोर स्टीलच्या डब्याला टेकवून फोन ठेवला होता. पलीकडे आदितीने ताटात निरांजन लावलं होतं आणि मोना ते विझू नये म्हणून दोन्ही हात आडवे धरून होती. भाषेची परीक्षा पास झाली होती, वैद्यकाची येत्या मार्चमध्ये होती. आदितीने पडद्याला कुंकवाचं बोट लावलं, ओवाळलं. सवयीने महावीरचा हात खिशात गेला आणि तिथेच थांबला.

"घाल की काहीतरी," ती हसून म्हणाली. "एक रुपया दाखव तरी. एक रुपयाचं कोण इचारत न्हाय."

महावीर हसला नाही. खिशातला हात काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "आदिती, त्या कुलपाच्या दिवशी तुला मी न सांगता सही करायला नेलंतं. तू वाचलं पण न्हाईस, तशीच सही केलीस."

पलीकडे ती निरांजन खाली ठेवताना दिसली. मोनाला तिने दुसऱ्या खोलीत पाठवलं.

"वाचलंतं मी अण्णा. तू बाहेर झेरॉक्स काढाय गेलतास, तवा सगळं वाचलं. दोनदा वाचलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू फी भरत हुतास. काय बोलणार? मागितलं असतंस तरी दिलं असतं मी. तू मागशील म्हणून आइस्क्रीम संपस्तोवर वाट बघितली." तिचा आवाज चढला नव्हता. "मागितलं न्हाईस, एवढंच वाईट वाटलं."

मी करंजी हातात तशीच धरून बसले होते. रोहिणी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. महावीर पाटावरच पुढे सरकला.

"मग आता इचारतो. दोन एकर तुझ्या नावावर करू का? घेशील?"

ती डोळे पुसून म्हणाली, "आत्ता इचारू नकोस अण्णा. आत्ता हो म्हटलं तर मला ऑफिसात सांगावं लागंल. मार्चनंतर परत इचार."

"मार्चनंतर," तो म्हणाला.

फोन बंद झाल्यावर तो पाटावरून उठला, चपला घातल्या आणि दुकान उघडायला निघून गेला. भाऊबीजेचा दिवस, त्यात दुपार. एकही गिऱ्हाईक येणार नव्हतं.