सगळ्यांना ऐकायला आलेली माणसं

टोकियोत निशी-कसाईच्या ज्या इंग्रजी पाळणाघरात मी काम करते, तिथं दुपारी मुलांना झोपवायचं काम दोघींचं. एक मी आणि दुसरी फिलिपिन्सची एक तरुण मुलगी. मी थोपटते, ती गाते. तिच्या गाण्यानं मुलं झोपायची सोडून उठून नाचायला लागतात आणि माझं थोपटणं फुकट जातं. हे मी तिला रोज ऐकवायचे. "मग ताई, माझा अल्बम नक्की चालणार!" असं तिचं उत्तर ठरलेलं. ताई म्हणायला तिला मीच शिकवलं होतं.

अल्बम खरंच तयार होता. पहिलावहिला. सुट्टीच्या दिवशी मित्राच्या खोलीत, भिंतींना गाद्या टेकवून रेकॉर्ड केलेली पॉप गाणी, काही तिच्या टागालोग भाषेत, काही जपानीत. त्यातलं एक आमच्या झोपेच्या तासावरच रचलेलं होतं आणि त्यात 'झोपा, नाहीतर ताई येईल' अशा अर्थाची ओळ होती. माझी अशी बदनामी करून वर ती मलाच ते गाणं कसं वाटलं म्हणून विचारत होती.

अडलं होतं ते पुढंच. कावासाकीला एका तळघरात गाण्याची छोटी जागा आहे, इथं अशा जागेला लाइव्ह हाउस म्हणतात. तिथल्या मालकानं तिला सांगितलं होतं, की येत्या रविवारी चार-पाच गायकांच्या कार्यक्रमात तूही गा, आणि तुझ्यासाठी पुरेशी माणसं आली तर अल्बमला एक अख्खी संध्याकाळ देतो. नाही आली तर गाणं बंद करून गावी परत जायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. हे सगळं तिनं मला एका बाळाचा डायपर बदलता बदलता, हसत हसत सांगितलं. पण डायपर उलटा लावला.

घरी येऊन मी नवऱ्याला कामाला लावलं. तो तोयोसुला सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण त्याची खरी कामगिरी म्हणजे इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीतलं आभारप्रदर्शन. माइकवाल्यापासून चपलांकडे लक्ष ठेवणाऱ्यापर्यंत एकही नाव त्याच्याकडून सुटत नाही. कधी कधी कार्यक्रमापेक्षा आभारच लांबतात. कोणाला वाईट वाटू नये म्हणून हा माणूस काहीही करेल.

"माणसं माझ्यावर सोड," तो म्हणाला, आणि खरंच आणली की त्यानं! रविवारी दुपारी कावासाकीच्या स्टेशनवर आमचं निम्मं मंडळ हजर. साड्या, झब्बे, एका काकूंच्या पिशवीत चिवड्याचा डबा. मंडळाच्या इतिहासात सगळ्यांनी वेळेवर येण्याची ही पहिलीच खेप असावी.

अरुंद जिना उतरून खाली गेलो. दारात एक मुलगी तिकीट देता देता प्रत्येकाला जपानीत विचारत होती, "आज कोणाला ऐकायला आलात?" पुढं नवरा होता. आमच्यात त्याचं जपानी सगळ्यात चांगलं, आणि ते तो आम्हाला विसरू देत नाही. त्या मुलीच्या मागंच दोन गायक गिटार जुळवत उभे होते. नवऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं, कमरेत वाकला आणि म्हणाला, "सगळ्यांनाच!" मग मागं वळून आम्हाला मराठीत बजावलं, "सगळ्यांना म्हणा रे. नाहीतर त्या बिचाऱ्यांना वाईट वाटेल."

ज्यांना जपानीचे चार शब्द येत होते त्यांनी आणि ज्यांना तेही येत नव्हते त्यांनीही एकामागून एक तेच सांगितलं. मीही सांगितलं.

मग ती गायली. पाळणाघरात ॲप्रनमध्ये वावरणारी ती हीच का, असा मला प्रश्न पडला. इतका मोठा आवाज ती दुपारी कुठं लपवून ठेवत होती कोण जाणे. ते 'ताई येईल'वालं गाणं संपताच नवरा "वन्स मोअर!" म्हणून ओरडला. शांत बसलेले जपानी श्रोते दचकून मागं वळले.

शेवटच्या गायकाआधी थोडी विश्रांती होती. ती आमच्याकडे आली, चेहरा एवढासा झालेला.

"ताई, मालक म्हणतात, माझ्यासाठी कोणीच आलं नाही."

"अगं, अर्धं तळघर आमचंच आहे!" मी हसलेच.

तेव्हा तिनं समजावलं. दारातला तो प्रश्न म्हणजेच मोजणी. ज्याचं नाव घ्याल, त्याच्यासाठी आलात असं धरतात. आलेल्यांना हे सांगायला हवं, असं तिच्या मनातही आलं नव्हतं. तिच्यासाठी आलेली माणसं तिचंच नाव घेणार ना!

"तुम्ही माझ्यासाठी नव्हता आलात?" तिनं हळूच विचारलं. अल्बमची संध्याकाळ हुकल्यापेक्षा तिला हे जास्त लागलं होतं.

"आमच्यात ना, असं दुसऱ्यांच्या तोंडावर सांगत नाहीत," नवरा चाचरत म्हणाला. "बरं दिसत नाही."

"आमच्यात ओरडून सांगतात," ती म्हणाली.

नवरा मालकाकडे गेला. इतका वाकला, की आता परत सरळ होतो की नाही अशी मला शंका आली. मालकही तेवढाच वाकला, पण दारात सांगितलं ते सांगितलं, यावर ठाम राहिला. मग म्हणाला, की अजून एक गायक बाकी आहे, दार उघडं आहे, नवीन तिकीट काढून जो आत येईल त्याला पुन्हा विचारलं जाईल.

आम्ही बहुतेक पुण्याचे. एकाच कार्यक्रमाचं तिकीट दोनदा काढणं आमच्या रक्तात नाही. क्षणभर सगळे आपापल्या चपलांकडे बघत राहिले. मग चिवड्याच्या काकू उठल्या. "चला वर," त्या म्हणाल्या, आणि सगळी वरात जिना चढून रस्त्यावर गेली, तिथून वळून परत खाली आली. प्रत्येकानं तिचं नाव घेतलं. कोणी ते मोडूनतोडून घेतलं, कोणी पुढं जपानी आदराचं 'सान' जोडलं, एकानं तर आडनावच आधी सांगितलं. सगळ्यात शेवटी नवरा आला. त्या दोन गिटारवाल्यांच्या देखत त्यानं तिचं नाव खणखणीत उच्चारलं आणि कानापर्यंत लाल झाला. त्याला ते फार जड गेलं. मला तो त्या वेळी फार आवडला.

पुढच्याच महिन्यात अल्बमची संध्याकाळ झाली. जिना उतरताना नवरा तिचं नाव पुटपुटत होता, या वेळी चूक नको म्हणून. त्या दिवशी गाणारी ती एकटीच, तेव्हा दारात कोणी काही विचारत नव्हतं. पण चमचमत्या झग्यात ती स्वतःच तिथं उभी होती. आम्ही दिसताच तिनं हात आडवा धरला आणि झोपेच्या तासाला माझ्याकडून शिकून घेतलेलं मराठी वाक्य अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "दादा, कोणाला ऐकायला आलात?"

जिन्यावरची रांग थांबली. आभारप्रदर्शनात कधी न अडखळणारा माझा नवरा तिचं नावच विसरला.

"तुलाच गं," तो म्हणाला. "फक्त तुलाच."