एकतीस पेशंट, एक मोबाइल

"मॅडम, हॅकर सापडला," असं म्हणून मॅनेजरनी पोलीस तक्रारीचा मसुदा माझ्यापुढे सरकवला. आरोपीच्या जागी एक मोबाइल नंबर होता.

मी महाडला कॉम्प्युटर सिक्युरिटीचं ऑडिट करते. म्हणजे एखाद्या ऑफिसातली माहिती नको त्या माणसाच्या हाती जाते का ते तपासते आणि अहवाल देते. अहवाल सहसा कोणालाच आवडत नाही. हे गावातलं एक खासगी हॉस्पिटल. तिथले रक्ताचे रिपोर्ट पेशंटच्या मोबाइलवर जातात, आणि त्याच फोनवर आलेला ओटीपी टाकला की उघडतात. तपासताना मला दिसलं, की एकतीस पेशंटचे रिपोर्ट एकाच नंबरवर जातायत. ते मीच मॅनेजरना उत्साहाने सांगितलं होतं.

नंबर पार्वती नावाच्या बाईंचा होता. तक्रार गेली असती तर पोलीस थेट त्यांच्या दारात. मी दोन दिवस मागून घेतले. एकतीसही पेशंट पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या एकाच वाडीतले होते. एसटीने पोलादपूर, पुढे रिक्षा, आणि रिक्षावाल्याने हात जोडले तिथून पाऊण तास चढ. चढताना माझ्या फोनची रेंज गेली, ती पार्वतीकाकींच्या अंगणात परत आली. निम्मं ऑडिट तिथेच संपलं.

अख्ख्या वाडीत रेंज मिळते ती त्या अंगणातल्या फणसाखाली. आधी लोक मुंबईतल्या मुलांचे नंबर द्यायचे. मग आईची शुगर जरा वाढली की मुलगा रजा टाकून धावत यायचा, आणि शुगरपेक्षा त्याचाच ताप व्हायचा. म्हणून सगळ्यांनी काकींचा नंबर द्यायचं ठरवलं. काकी सातवी शिकलेल्या. रिपोर्ट आला की त्या ज्याचा त्याला एकट्याला बोलावतात, वाचून दाखवतात आणि त्याच्या देखत फोनमधून पुसून टाकतात. एखादा आकडा ठळक छापलेला असला तर डॉक्टरकडे पिटाळतात.

मी कायदा सांगितला. दुसऱ्याच्या आजारपणाची माहिती त्याच्या संमतीशिवाय बघता येत नाही, संमती म्हणजे त्याने समजून-उमजून दिलेला होकार, वगैरे.

"ती घेतली हाय," काकी म्हणाल्या. "देवळात."

गावदेवीपुढे नारळ ठेवून त्यांनी प्रत्येकाला शब्द दिला होता, की एकाचं दुसऱ्याला कळणार नाही. एकदा धाकट्या दिराने बायकोच्या रिपोर्टात काय आलंय ते विचारलं. काकींनी सांगितलं नाही. त्याला वर्ष झालं, दीर अजून बोलत नाही.

"बोलंल कधीतरी," काकी म्हणाल्या. "रिपोर्ट तिचा हाय, त्याचा नाय."

चहा देताना त्यांनी हळूच विचारलं, "मला पोलीस नेतील काय गो?" मला शरम वाटली. यादी मीच काढली होती.

मी संमतीचा मजकूर साध्या मराठीत लिहून दिला. दुसऱ्या दिवशी वहीच्या पानांवर एकतीस सह्या आणि अंगठे महाडला आले. मॅनेजरनी ते चाळले आणि तरीही तक्रार देऊन टाकू म्हणाले. म्हणजे हॉस्पिटलची बाजू सेफ.

"द्या की," मी म्हटलं. "पण पोलीस आधी विचारतील, इथे बसून सगळे रिपोर्ट कोण कोण उघडू शकतं."

काउंटरवरच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड मॉनिटरलाच चिठ्ठीवर चिकटवलेला होता. तो नऊ जणांना माहीत होता. त्यातला एक नोकरी सोडून समोरच्या लॅबमध्ये लागला होता. आमचं हे बोलणं चालू असताना काउंटरवरून हाक आली, "तीनशे शुगरवाले काका कोण?" सगळा हॉल वळून काकांकडे बघायला लागला. मॅनेजरनी मसुदा ड्रॉवरमध्ये टाकला.

निदान त्या बाईंकडून गोपनीयतेचं हमीपत्र तरी घ्या, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी त्यांच्यासमोरच काकींना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. काकी लगेच तयार झाल्या.

"सही करते ना. पण तिकडं तुमच्या काउंटरवर बसतात, त्यांनी कोणी ठेवलाय काय नारळ?"

मॅनेजर टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. त्या नऊ जणांकडून कोणी काहीच लिहून घेतलेलं नव्हतं.

अहवालात मी दोन्ही गोष्टी लिहिल्या. काकींचा नंबर संमतीने चालू ठेवावा, आणि काउंटरवर प्रत्येकाला वेगळा पासवर्ड द्यावा. दुसरा मुद्दा गाळता येईल का, असं मला दोनदा विचारण्यात आलं. मी गाळला नाही. पासवर्ड बदलले, हमीपत्रंही झाली, आणि पुढच्या वर्षीचं ऑडिट पुण्याच्या माणसाला गेलं.

काकींचा नंबर अजून चालू आहे. मी मात्र आता नव्या कामाला गेले की आधी तासभर काउंटरसमोरच्या बाकावर नुसती ऐकत बसते. कॉम्प्युटर त्यानंतर उघडते.