कौसल्याबाईंचा विसावा हिस्सा

कौसल्याबाई मेश्राम मोठ्या सरकारी दवाखान्यात आया होत्या. निवृत्त झाल्या आणि पहिलं पेन्शन बँकेत जमा झालं, तेव्हा त्यांना आनंदापेक्षा संकोच जास्त वाटला. महिनाभर त्यांनी काहीच केलं नव्हतं. उशिरा उठायचं, कूलरसमोर बसून पेपर वाचायचा, दुपारी झोपायचं. तरी पैसे आले.

संकोचाचं कारण शेजारी राहत होतं. नत्थू कळमन्याच्या धान्यबाजारात हमाल होता. त्याच महिन्यात पोतं उचलताना त्याची कंबर गेली आणि तोही घरी बसला. नागपूरच्या लष्करीबागेतल्या त्या गल्लीत दोघांचे ओटे एकमेकांना लागून होते. संध्याकाळी दोघं आपापल्या ओट्यावर सारखेच बसलेले असत. नत्थूच्या घरात मात्र फक्त बायकोच्या धुण्याभांड्यांचे पैसे येत होते.

कौसल्याबाईंचा भाचा प्रशिक कामठीला ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचा. तो रविवारी आला तेव्हा कौसल्याबाईंनी विषय काढला.

"प्रशिक, मले घरी बसून पैसे भेटून राहिले. नत्थूले काहून नाई?"

"तू नोकरी केली, आत्या."

"आन त्यानं काय केलं? पोतीच उचलली ना?"

प्रशिकनं चहा बाजूला ठेवला. म्हणाला, असा एक विचार जगात आहे. गरीब-श्रीमंत न पाहता, काही न विचारता, प्रत्येक माणसाला सरकारनं दर महिन्याला ठरावीक रक्कम द्यायची.

"मंग देत काहून नाई?"

"आणणार कुठून? माणसं किती हायेत पाह्य. थोडे थोडे दिले तरी तिजोरीचा मोठा भाग त्यातच जाईन. मंग रस्ते, दवाखाने, शाळा कशातून? नाही तर कर वाढवावा लागंन. अन् कर म्हटला की लोक ओरडतात."

"ज्याले परत भेटणार हाय, तो काहून ओरडंन?"

"ज्याचे जास्त जातात अन् कमी परत येतात, तो ओरडंन."

हे कौसल्याबाईंच्या डोक्यात राहिलं. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. कमाईचा विसावा हिस्सा धम्मासाठी द्यावा, हे बाबासाहेबांचं सांगणं त्यांनी शेवटपर्यंत पाळलं. गिरणीतला पगार हातात आला की किराण्याच्या आधी तो हिस्सा वेगळा निघायचा, घरात तेल असो वा नसो. गल्लीतल्या बऱ्याच घरांना ही आठवण होती, पण सवय मोडली होती.

पौर्णिमेच्या वंदनेनंतर सगळे समाजभवनात बसले असताना कौसल्याबाई उभ्या राहिल्या आणि बोलल्या. प्रत्येक घरानं कमाईचा विसावा हिस्सा काढावा, आणि जे जमेल ते गल्लीतल्या प्रत्येकाला, तान्ह्या पोरापासून म्हातारीपर्यंत, सारखं वाटावं. देणाऱ्यालाही त्याचा वाटा मिळावा.

"अंकुशलेही?" कुणीतरी विचारलं, आणि लोक हसले. अंकुशचे ट्रक मौद्याच्या वीज केंद्रातून राख भरून विटांच्या भट्ट्यांवर जायचे. गल्लीत सगळ्यांत जास्त कमाई त्याचीच होती.

"अंकुशलेही," कौसल्याबाई म्हणाल्या.

अंकुश मागे भिंतीला टेकून बसला होता. "मी देतो, मावशी," तो म्हणाला. "माहा बापही देत होता."

पहिल्या महिन्यात माणशी चारेकशे रुपये आले. नत्थूला संशय होता. "बाई, मले भीक नको," तो म्हणाला. पण वाटपाच्या दिवशी समाजभवनात आला, तर त्याच्या पुढे रांगेत अंकुश उभा होता आणि घरच्या पाच माणसांचे पैसे मोजून खिशात घालत होता. नत्थू त्याच्या मागे रांगेत लागला. घरी जाताना त्याची मान खाली नव्हती, हे कौसल्याबाईंनी पाहिलं. त्या पैशांत त्यानं कंबरेचा इलाज पुरा केला. एरवी चार दिवस आराम करून तो पुन्हा पोत्यांखाली गेला असता.

वर्षभर हे चाललं. मग अंकुशनं शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेश्याला फ्लॅट घेतला आणि आईला इथेच ठेवून बायको-मुलांसह तिकडे गेला. त्याचा हिस्सा बंद झाला. तो बंद झालेला पाहून दोन नोकरदार घरांनी आपली कमाई हळूच कमी सांगायला सुरुवात केली. त्यांना कुणी काही विचारलं नाही. कसं विचारणार? वाटा दोनशेच्या आत आला.

कौसल्याबाई ऑटो करून बेश्याला गेल्या. अंकुशच्या बायकोनं, पिंकीनं, त्यांना संत्र्यांची ताटली दिली. अंकुश आदरानं समोर बसला.

"काहून गा अंकुश, तुले जड झालं का?"

"जड नाई, मावशी. पण इथं बिल्डिंगमधे माह्यासारखेच लोक हायेत. त्यायले कोनी मागत नाई. मी एकटाच देऊन राहिलो, असं वाटते. सगळ्या नागपुरानं दिलं तर मीही देईन. खरं सांगून राहिलो."

कौसल्याबाईंना त्याचा राग आला नाही. रागवायला जागा असती तर बरं झालं असतं, असं त्यांना परतताना वाटलं.

प्रशिकला त्यांनी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्याचं म्हणणं बरोबर हाय, आत्या. गल्लीतून माणूस उठून जाऊ शकते. म्हणून हे काम सरकारचं. त्याचा कर चुकवून माणूस जाईन कुठं? काही जातात, पण सगळ्यायले जमत नाई."

"म्हणजे माहं काम बुडालं."

"खिशातून घ्यायचं बुडालं. पण सरकारजवळ फक्त लोकायचे खिसेच नसतात. जमिनीखालचा कोळसा असते, नदीची रेती असते, मोक्याची जागा असते. ते कोना एकाचं नाई. त्याचं जे उत्पन्न येईन, ते सगळ्यायले वाटावं, असंही लोक म्हणतात. पुरते का, ते वेगळं. सगळं त्याच्यातून भागणार नाई."

कौसल्याबाई कोळशावर थांबल्या नाहीत. गल्लीत कुणा एकाचं नसलेलं काय आहे, याचा त्या विचार करू लागल्या. समाजभवनाला रस्त्याच्या बाजूनं तीन गाळे होते. एकात पोह्यांचं दुकान, एकात मोबाईलचं, एकात कूलर दुरुस्तीचं. भाडं समितीकडे जमा व्हायचं, आणि अध्यक्ष रुपराव त्यातून भवनाला नवी कमान बांधणार होते.

पुढच्या बैठकीत बाईंनी भाडं सगळ्यांना सारखं वाटायचा विषय मांडला. रुपराव शांत माणूस होते, पण दुखावले.

"कमान झाली तर वस्तीची शान राहीन, बाई. वाटून टाकले तर दोन दिवसांत संपतीन."

"कमान बांधा," बाई म्हणाल्या. "पण अर्ध्यात बांधा. थोडी लहान होईन."

बराच वाद झाला. शेवटी अर्धं भाडं कमानीला, अर्धं लोकांना, असं ठरलं. ज्यांना विसावा हिस्सा द्यायचा होता, ते देत राहिले. दोन्ही मिळून वाटा तीनशेच्या आसपास आला. पहिल्यापेक्षा कमीच. पण भाड्याचा भाग कुणी गल्ली सोडली म्हणून थांबणार नव्हता. अंकुशच्या म्हाताऱ्या आईचा वाटा आधी अंकुशच घ्यायचा; आता तो तिच्या स्वतःच्या हातात येऊ लागला, आणि तिला त्याचं मोठं अप्रूप वाटलं.

नत्थू आता कळमन्यात पोती उचलत नाही. एका अडत्याकडे सकाळपुरता वजनकाट्यावर बसतो. मागच्या महिन्याच्या बैठकीत तो पहिल्यांदाच बोलला. गल्लीच्या टोकाला एका खोलीत छत्तीसगडहून आलेलं बांधकाम मजुरांचं कुटुंब राहायला आलं होतं: नवरा-बायको आणि दोन मुली.

"त्यायचीही नावं घ्या," नत्थू म्हणाला.

कौसल्याबाईंच्याच तोंडून निघून गेलं, "ते तर काल आले, गा. उद्या जातीन."

"जातीन तवा जातीन. आज इथंच राहून राहिले ना?"

सभेत कुजबुज झाली. चार माणसं वाढली की प्रत्येकाचा वाटा थोडा कमी होणार, हे सगळ्यांना कळत होतं. कौसल्याबाईंनाही कळत होतं आणि ते त्यांना आवडलं नव्हतं, हे त्यांनी नंतर प्रशिकजवळ कबूल केलं. हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यांनी सगळ्यांत शेवटी हात वर केला. ठराव झाला, मग मजुरांच्या खोलीवर जाऊन त्यांनीच त्या बाईला सांगितलं की रविवारी पैसे घ्यायला समाजभवनात यायचं. ती घाबरली. हिंदीत विचारू लागली की काम काय करावं लागेल.

"काम कुछ नई," कौसल्याबाई म्हणाल्या. "बस, आना."