तिसरीच्या भिंतीवरची काच

ओळंबेकाकांचं खरं नाव पेन्शनच्या कागदांवर होतं आणि बहुतेक तिथंच राहिलं होतं. भिंत सरळ आहे की नाही ते बघायचा पितळी ओळंबा दोरीसकट कायम त्यांच्या खिशात असायचा, लोक किल्ल्या बाळगतात तसा. कुणाकडे बसायला गेले तरी नजर माणसांवर कमी आणि भिंतींवर जास्त. "तुमचा हा कोपरा जरा फुगलाय हं," हीच त्यांची विचारपूस.

पस्तीस वर्षं त्यांनी पालिकेच्या इमारत-दुरुस्ती खात्यात सुपरवायझर म्हणून काढली होती. भिंतीला तडा दिसला की तो जुना, निजलेला आहे की अजून सरकतोय, हे ओळखायची त्या खात्याची एक साधी पद्धत होती. तड्यावर आडवी, बोटभर लांबीची पातळ काचेची पट्टी ठेवायची, दोन्ही टोकं पीओपीने चिकटवायची आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहायची. भिंत केसभर हलली तरी काच तुटते. काच शाबूत, तर माणसं निवांत. काच तुटली, तर आधी माणसं बाहेर, बाकीचं नंतर.

काकांच्या स्वतःच्या दोन खोल्यांत अशा अकरा पट्ट्या होत्या.

"लोकांच्या भिंतींवर नातवंडांचे फोटो असतात," काकू म्हणायच्या. "आमच्याकडे काचा. झाडू मारायचा तोही जीव मुठीत धरून."

काका हसायचे, पण पट्ट्या काढायचे नाहीत. कधी कधी भरदिवसा, जेवता जेवता त्यांचा घास हातातच थांबायचा. कुठंतरी 'टक्' असा बारीक आवाज झालेला असायचा. काकूंना तो कधीच ऐकू आला नव्हता.

जवळच्या प्राथमिक शाळेत दर गुरुवारी 'हाताचा तास' असे. वस्तीतलं कुणीतरी यायचं आणि मुलांना आपलं काम शिकवायचं. शिंपीमामांनी बटणं लावायला शिकवली, सायकलवाल्याने पंक्चर काढायला. नर्सताईंनी बँडेज बांधायला शिकवलं, त्या आठवड्यात अर्धी वस्ती धडधाकट असून बँडेज बांधून फिरत होती. काकूंनी परस्पर काकांचं नाव देऊन टाकलं. "जा, तिथल्या भिंती बघा. घरातल्यांना जरा श्वास घेऊ दे."

पहिल्या गुरुवारी काकांनी तिसरीच्या मुलांच्या हाती ओळंबा दिला. दहा मिनिटांत मुलांनी निकाल लावला की दार सरळ आहे, कपाट सरळ आहे आणि बाईंचा फळा वाकडा आहे.

"म्हणूनच बाईंच्या ओळी वर जातात!" मागून कुणीतरी ओरडलं.

"माझ्या ओळी वर तरी जातात," वर्गाच्या बाई म्हणाल्या. "तुझ्या तर वहीच्या बाहेर जातात."

त्या वर्गात एक मुलगी होती. पुढचे दोन दात पडलेले, आणि त्या फटीतून दिवसभर प्रश्न. ओळंबा पितळेचाच का? भिंत झोपते का? काकांनी तिचं नाव ठेवलं चौकशी खिडकी. तिनेच ओळंबा लावता लावता खिडकीशेजारचा तक्ता उचलला आणि विचारलं, "आजोबा, हिला काय झालंय?"

खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून एक तडा तिरका वर गेला होता. नखही शिरणार नाही इतका बारीक. काकांच्या जिभेवर चुन्याच्या धुळीची चव आली.

"काही आहे की नाही," ते म्हणाले, "ते आपण हिलाच विचारू."

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्याच दिवशी पालिकेला पत्र पाठवलं. इंजिनिअर महिन्याभराने येणार, असं उत्तर आलं. तोवर काकांनी मुलांना कामाला लावलं. मुलांनी वाटीत पीओपी कालवलं, काच बसवली, तारीख लिहिली. वाकड्यातिकड्या तड्यावर दोरा बसवून तो पट्टीवर मोजला. त्रेचाळीस सेंटिमीटर. पुढच्या गुरुवारी त्रेचाळीस. त्याच्या पुढच्याही. हे सगळं 'भिंतीच्या वही'त लिहिलं जायचं आणि काच बघायची पाळी कुणाची, यावरून भांडणं व्हायची. काका वर्गात हसायचे, शिकवायचे, पण निघताना दारातून पुन्हा एकदा मागे वळून बघायचे. काचेकडे नाही, मुलांकडे. डोकी मोजल्यासारखे.

बावीस वर्षांपूर्वी काकांनी एका चार मजली इमारतीच्या जिन्यात अशीच पट्टी लावली होती. दहा दिवसांनी बघायला गेले तर ती तुटलेली. त्याच जिन्यात तीन-चार मुलं चेंडू खेळत होती. काकांना विचार करायची गरजच वाटली नाही. त्यांनी सगळ्यात लहान पोराचा कान पिळला.

"आम्ही नाही फोडली, काका," तो म्हणाला.

"मग काय भिंतीने फोडली?" काका म्हणाले.

त्यांनी नवीन पट्टी लावली आणि डायरीत एक ओळ लिहिली. काच तुटली. पोरांचा चेंडू. नवीन लावली. एकोणीस दिवसांनी, ऐन दुपारी, इमारत बसली. सात माणसं गेली. तो मुलगा त्या सातांत होता. चौकशी झाली. तळमजल्याच्या दुकानदाराने आधाराची भिंत काढली होती, त्याला शिक्षा झाली. काचेबद्दल कुणी विचारलं नाही, आणि काकांनी कुणाला सांगितलं नाही, काकूंनाही नाही. डायरी ट्रंकेत तळाशी गेली. मुलगा मात्र ट्रंकेत मावला नाही. तो जिन्यात असायचा. कुठल्याही जिन्यात, वरून तिसऱ्या पायरीवर. काका कठडा धरून, थांबत थांबत चढायचे. लोकांना वाटायचं गुडघे गेले.

शाळेत चौथा गुरुवार झाला. शनिवारी वस्तीचा मेळावा होता. मुलांनी वर्षभर हाताने केलेलं सगळं मांडायचं आणि आईबाप, शेजारीपाजारी, सगळ्यांनी येऊन बघायचं. तिसरीचा वर्ग सगळ्यात मोठा, म्हणून तिथंच. शुक्रवारी सकाळी काका टेबलं लावायला म्हणून वर्गात शिरले आणि सवयीने भिंतीकडे बघितलं.

काचेचे दोन तुकडे झाले होते. दोन्ही आपापल्या पीओपीला धरून होते, मध्ये एक बारीक रेघ.

"कुणी हात लावला?" वर्गाच्या बाईंनी विचारलं.

मुलं एका सुरात म्हणाली, "आम्ही नाही फोडली, आजोबा."

काकांनी कपाटाला हात टेकला.

मोठ्या बाई वरच्या ऑफिसातून खाली आल्या. चष्मा वर सरकवून त्यांनी काच बघितली, भिंतीची वही उघडली. "काल संध्याकाळी त्रेचाळीस. आत्ता मोजा." मोजलं. त्रेचाळीस. "बघा. चेंडू लागला असेल, नाहीतर तक्त्याची काठी. मुलं कबूल करतात होय कधी? काका, तुम्ही नवीन लावा. बुधवारी इंजिनिअर येतोच आहे."

त्यांचं बोलणं रास्त होतं. काकांच्या हातांना तर ते इतकं पटलं की ते आपणहोऊन कामाला लागले. पिशवीतून वाटी काढली, पीओपी घेतलं, पाणी घातलं, चमच्याने ढवळलं. खिशातून कोरी काच काढली. कालवलेलं पीओपी फार वेळ थांबत नाही. पाच-सात मिनिटं, बस्स.

काका वाटी हातात धरून भिंतीपाशी उभे राहिले. मागे चाळीस मुलं. वर, छताच्या पलीकडे, चौथीचा वर्ग मोठमोठ्याने पाढे म्हणत होता.

"बाई, ही खोली रिकामी करा," ते म्हणाले. "वरचीही."

"अहो, उद्या दीडशे माणसं येणार! साप साप म्हणून भुई धोपटायची ही वेळ आहे का?"

"मी एकदा नवीन लावली होती."

"मग?"

काकांनी सांगितलं. भिंतीकडे तोंड करून सांगितलं. जिना, चेंडू, कान, डायरीतली ओळ, एकोणीस दिवस, सात माणसं. आवाज मध्येच फुटला तसे थांबले आणि पुढे बोलले. "मुलांनी सांगितलं होतं, नाही फोडली म्हणून. मी ऐकलं नाही. मुलं खोटं बोलत नाहीत, बाई. मीच..." चमचा ढवळायला गेले तर तो हलेना. पीओपी वाटीत दगड झालं होतं, चमचा त्यात उभाच्या उभा.

मोठ्या बाईंनी त्या चमच्याकडे बघितलं. मग वर्गाच्या बाईंना हळू म्हणाल्या, "दप्तरं राहू द्या. मुलांना आधी मैदानात न्या. वरच्यांना मी आणते."

मेळावा मैदानात झाला. वारा सुटला, कागदी घरं उडाली, ती पकडायला आईबाप धावले, आणि तेवढ्यात सगळ्यांची ओळख झाली. काका गेले नाहीत. घरी त्यांनी ट्रंक उघडून डायरी काकूंसमोर ठेवली. काकूंनी ती ओळ दोनदा वाचली.

"काहीतरी आहे, हे माहीत होतं मला," त्या म्हणाल्या. "हे आहे, हे नव्हतं माहीत." मग झाडू मारताना अकराही काचांना वळसा घालून मारला, तोंडातून चकार शब्द न काढता.

बुधवारी इंजिनिअर आला. त्याने भिंत ठोकून बघितली, ओठ चावला. तडा नुसत्या गिलाव्याचा असेल किंवा नसेलही, म्हणाला. पंधरा दिवस नवीन काच लावून बघू, तोवर दोन्ही खोल्या बंद. मुलं मैदानाच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये बसू लागली. रोज दुपारी काका किल्ली घेऊन एकटे वर्गात जायचे, काच बघायचे, वहीत 'शाबूत' लिहून कुलूप लावायचे.

सहाव्या दिवसापर्यंत पालकांची कुजबुज सुरू झाली. शेडमध्ये ऊन येतं, मुलं आजारी पडतील. "म्हाताऱ्याचं दुधाने तोंड पोळलं," शाळेच्या दारातून कुणीतरी काकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणालं, "म्हणून आपल्या पोरांनी ताक फुंकायचं."

आठव्या दिवशी काच शाबूत बघून काकांच्या मनात काहीतरी खट्टू झालं. नेमकं काय, ते कळलं आणि ते बाकावर बसून राहिले. ही भिंत हलावी, असं त्यांना वाटलं होतं. आपण खरे ठरावं म्हणून.

"आजोबा."

दारात चौकशी खिडकी उभी होती. उंबऱ्याच्या बाहेर, पायाची बोटं बरोबर रेषेवर.

"आत येऊ नकोस."

"नाही येत. मला सांगायचंय." तिने फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळलं. "काच मी फोडली. त्या गुरुवारी. सगळे गेल्यावर. ती वाकते का, ते बघायचं होतं."

काकांनी विचारलं, "मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. पण तुम्ही म्हणालात मुलं खोटं बोलत नाहीत. आणि तुम्ही रडलात." ती थांबली. "मग मला खोटं बोलावंच लागलं."

बावीस वर्षांत पहिल्यांदाच काकांच्या मनात आलं की जिन्यातला तो मुलगाही खोटं बोलला असेल. कान पिळलेला, घाबरलेला सहा-सात वर्षांचा जीव. चेंडू खरंच लागला असेल. काच चेंडूने फुटली असेल आणि इमारत आपल्या वेळेला आपल्या कारणाने बसली असेल. हा विचार सुटकेसारखा आला आणि आला तसा विरून गेला. खरं बोलला असो की खोटं, तो त्या दुपारी जिन्यातच होता. त्याला तिथं कुणीच ठेवायला नको होतं.

"आता आपण आत बसायचं?" मुलीने विचारलं.

"नाही. अजून सात दिवस."

"पण मीच फोडली ना!"

"तू फोडलीस म्हणून भिंत बरी आहे, असं कुठं ठरलंय? काच कुणी का फोडेना. तुटली की आपण बाहेर."

तिने यावर बराच विचार केला. "मोठ्या बाई रागावतील."

"तुझ्यावर थोड्या. माझ्यावर जास्त. दोघं मिळून जाऊ उद्या."

काकांनी भिंतीची वही उघडून तिच्या हातात दिली आणि पेन्सिलही. ती उंबऱ्याबाहेरच उकिडवी बसली. काका सांगत गेले, ती जीभ दातांच्या फटीत धरून लिहीत गेली. काच तुटली होती. मी फोडली. खोली बंदच. 'बंदच'मधला च तिने खोडून दोनदा गिरवला.

मुलगी शेडकडे पळाली. काकांनी कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि किल्ली ऑफिसात ठेवायला जिना चढू लागले. दुपार होती. जिन्यात भरपूर उजेड होता. वरून तिसऱ्या पायरीवर तो उभा होता, एक हात कानावर.

आम्ही नाही फोडली, काका.

आजवर काकांनी त्याला कधी उत्तर दिलं नव्हतं. मान खाली घालून त्याच्या शेजारून निघून जायचे. आज ते थांबले.

"फोडली असशील तरी चल," ते म्हणाले. "आधी बाहेर चल."

तो हलला नाही. काका कठड्याला टेकले आणि त्याला उतरायला जागा सोडून उभे राहिले.